घरी नवे बालक आले असता

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १:५७-६६, उत्पत्ति २९:३१-३५ व ३०:१७-२१, निर्गम २:१-१०, निर्गम ४:१४.

पाठाचा हेतु : बालक मुलगा असो की मुलगी, पहिले असो की पाचवे, त्याच्या जन्माबद्दल ख्रिस्ती घराने आधी देवाचे उपकार मानावे व मग त्या बालकास, त्याच्या आईस व त्याच्या वडील भावंडांस घरात जागा करून द्यावी, हे शिकणे.



आपल्या मंडळ्यांत कोणाच्या घरी बालक जन्मले म्हणजे पाळकास किंवा उपदेशकास बोलावणे येते. मग आपण शास्त्र हाती घेऊन जातो, एक भाग वाचतो, प्रार्थना करितो आणि चहा घेऊन परत येतो. हे काम सोपे आहे असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटत होते. ते सोपे नाही, हे आम्हांस एका लहान मुलीने शिकविले. ती गोष्ट सांगण्यास आम्हांस लाज वाटते. तथापि ती सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही.

आमच्याकडे असलेल्या एका खेड्यात एका विश्वासू कुटुंबात तिसरी मुलगी झाली. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर कोणी बोलत नव्हते. आजीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बालकाचा बाप गोठ्यात उगाच काहीतरी करीत होता. आत बाळंतीण बाजेवर पडून होती व तिचे डोळे सुजलेले होते. आम्ही हलक्या आवाजात बोललो, देवाच्या इच्छेस मान तुकविण्याविषयी एक वचन वाचले आणि ह्या कुटुंबास धीर मिळावा म्हणून प्रार्थना केली. आम्ही निघालो तेव्हा घरातली वडील मुलगी, सुमारे सहा वर्षांची, आमच्यामागून दारापर्यंत आली व तिने विचारले, “साहेब, आमच्या घरी कोण मेलं?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या मुलीने घरात मरण पाहिले असेल, आणि त्या वेळी पाळक कसे येतात, कसे बोलतात हेही पाहिले असेल. आम्ही त्या दिवशी तसेच आलो होतो व तसेच बोललो होतो. जन्माच्या घरी आम्ही प्रेताच्या घरची प्रार्थना करून आलो. शेजारपाजाऱ्यांची रीत आम्हांस ठाऊक होती, आणि आम्ही शास्त्र हाती धरून तीच रीत पाळली. ह्यास्तव त्या रात्री आम्ही लूककृत शुभवर्तमानातला हा भाग पुन्हा उघडला. त्यातून जे मिळाले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

१. शेजारी कशासाठी आले?

अलीशिबा प्रसूत झाली तेव्हा शेजारी व नातलग तिच्याकडे आले, असे लूक लिहितो. ते कशासाठी आले हेही तो सांगतो. प्रभूने तिच्यावर मोठी दया केली हे ऐकून ते तिच्याबरोबर आनंद करावयास आले. मूळ कारण देवाची दया हे आहे. बालक काय आहे, किती उपयोगी पडेल, म्हातारपणी पोशील की नाही, हे त्यांनी आधी मोजले नाही.

कोणी म्हणेल, “साहेब, पण तो तर मुलगा होता.” हे खरे आहे. ह्यासाठीच उत्पत्तीचा भाग ह्याच्याजवळ ठेवून वाचावा. लेआ आपल्या प्रत्येक मुलास नाव देते व प्रत्येक वेळी कारण सांगते. रूबेन, शिमोन व लेवी ह्यांच्या नावांत तिचे दुःख आहे. आता तरी नवऱ्याची माया आपल्यावर बसेल अशी आशा तिने बाळगली आहे. चौथ्या खेपेस, यहूदाच्या वेळी, ती नवऱ्याविषयी काहीच न बोलता प्रभूचे स्तवन करिते. पुढे इस्साखार व जबुलून ह्यांच्याही नावांची कारणे दिली आहेत. मग तिला कन्या झाली, तिचे नाव दीना ठेविले. येथे कारण दिलेले नाही. सहा मुलगे झाले तेव्हा आई प्रत्येक वेळी काही बोलली. मुलीच्या वेळी शास्त्रात एकही शब्द नोंदलेला नाही. आम्ही हा भाग पुष्कळदा वाचला होता, परंतु ही उणीव आमच्या ध्यानी आली नव्हती. शास्त्र माणसांची घरे जशी असतात तशी दाखविते. दाखविलेले सर्व अनुकरणीय असते असे नाही. दीनेच्या पाळण्याजवळची ती निःशब्दता आपल्या घरांत अजून आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

ती किती वाढली हे सरकारी खानेसुमारीत दिसते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या; २००१ साली ९१३ उरल्या; २०११ साली ८९४. गर्भातच मुलगी ओळखून ती नाहीशी करण्याचे पाप ह्या आकड्यांमागे आहे. त्याविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ साली व देशाने १९९४ साली कायदा केला. परंतु ओसरीवर जी निःशब्दता बसते ती कोणत्याही कायद्याने उठत नाही. तिला उठविणे हे मंडळीचे काम आहे.

आणखी एक गोष्ट उपदेशकांनी स्पष्ट सांगावी. मुलगा होणार की मुलगी हे आईवर अवलंबून नसते. आईचे बीज नेहमी एकाच जातीचे असते. बापाचे बीज दोन जातींचे असते, आणि त्यांपैकी कोणते मिळते त्यावर ते ठरते. म्हणून सुनेस दोष देणे हा अधर्म तर आहेच, पण ते अज्ञानही आहे. ह्यावरून बापास दोष द्यावा असेही नाही. कारण ते त्याच्याही हाती नाही.

२. नाव कोण ठेवितो?

आठव्या दिवशी नातलगांनी बालकाचे नाव बापावरून जखऱ्या ठेवावयाचे ठरविले. अलीशिबा मध्ये पडली व तसे नको म्हणाली. तेव्हा ते म्हणाले की ह्या नावाचा तुमच्या कुळात कोणी नाही, आणि तिचे न ऐकता त्यांनी बापास खुणा केल्या. बापाने पाटी मागवून तेच नाव लिहिले जे आईने सांगितले होते. नवराबायको एकमुख झाली, तेव्हा नातलगांचा गलबला थांबला.

नाव म्हणजे बालकास घराने दिलेला पहिला उपदेश होय. आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ मुलींस ‘नकोशी’ हे नाव मिळाले. घरात मुलीच होत राहिल्या म्हणजे पुढे मुलगी होऊ नये म्हणून हे नाव ठेवीत. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८५ मुलींस नवी नावे देण्यात आली. त्यांतल्या कित्येक मोठ्या झालेल्या होत्या. शाळेत हजेरीच्या वेळी रोज आपण नको आहो हे ऐकून त्या वाढल्या होत्या.

ह्याच्या उलट पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८१ साली त्यांस कन्या झाली. तिचे नाव आईबापांनी मनोरमा ठेविले, म्हणजे मनास रमविणारी. पुढच्याच वर्षी रमाबाईंचे यजमान वारले आणि ही एकुलती कन्या त्यांच्या पदरी राहिली. ती मोठी होऊन आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. वाचकहो, हेही ध्यानात घ्या की रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. म्हणजे हे नाव ठेविले तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. ज्यांनी अजून प्रभूस ओळखले नव्हते त्यांनी कन्येस आनंदाने घेतले, आणि आम्ही, प्रभूचे नाव धारण केलेले, तिसऱ्या कन्येच्या घरी जाऊन सांत्वन करून आलो. ह्याचा विचार आम्हांस फार टोचला.

३. बापाचे तोंड केव्हा उघडले?

जखऱ्या देवदूताचे वचन न मानल्यामुळे मुका झाला होता. नाव लिहिताच त्याचे तोंड उघडले आणि पहिला शब्द निघाला तो देवाच्या स्तवनाचा. आपल्या घरांत पुष्कळ बाप बालकाच्या जन्मवेळी मुकेच असतात. कोणी संकोचाने, कोणी खर्चाच्या काळजीने, कोणी नाराजीने. बाळंतपण हे बायकांचे काम, असे म्हणून ते शेताकडे निघून जातात. ख्रिस्ती बापाने आपले तोंड उघडावे. बाळंतिणीजवळ जाऊन तिला ऐकू येईल अशा रीतीने देवाचे उपकार मानावे. चार शब्द पुरेत.

मग त्याने हातही हलवावे. लाकूडफाटा, पाणी व वडील मुलांचे जेवणखाण ही कामे त्याने अंगावर घ्यावी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. इस्पितळात जन्म झाला असल्यास तेथे चौकशी करावी, घरी झाला असल्यास ग्रामपंचायतीत कळवावे. नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये, नाव मागाहून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासारख्या कामी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला आहे. ज्या बापाने मुलीची नोंद आळसाने टाळली त्याने तिला पहिल्याच महिन्यात एक दार बंद केले, असे समजावे.

४. आईस व बालकास काय हवे?

भक्ति व शरीराची काळजी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. प्रसूतीनंतर प्रथम येणारे घट्ट, पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते काही घरांत पिळून टाकितात. हे चुकीचे आहे. त्यात बालकास रोगांपासून राखणारी शक्ति असते. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बालकास अंगावर घ्यावे व तेच दूध पाजावे. मध, साखरेचे पाणी, घुटी ह्यांतले काहीही चाटवू नये. सहा महिने आईच्या दुधावाचून बालकास काही लागत नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. जन्मतःच क्षयरोगाविरुद्ध लस, काविळीची लस व पोलिओचे थेंब द्यावयाचे असतात. ते चुकवू नयेत, व पुढच्या लसींच्या तारखा आशाताईंकडून अथवा अंगणवाडीतून समजून घ्याव्या.

आईस पोटभर व चांगले अन्न द्यावे. मुलगी झाली म्हणून डिंकाचे लाडू कमी करणे हे आम्ही पाहिले आहे, आणि ते पाहून आम्हांस संताप आला आहे. तसेच एका बालकानंतर दुसऱ्याचा गर्भ राहण्यास निदान दोन वर्षांचे अंतर असावे, असे वैद्य सांगतात. मुलगा हवा म्हणून वर्षावर्षाला बाळंतपण लादणे म्हणजे एका जीवाच्या आशेने दुसरा जीव धोक्यात घालणे होय.

५. पाचव्या रात्रीचे भय

नव्याने ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ घरांत एक भय मागे राहते. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बालकाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, आणि तिची पूजा चुकली तर बालक दगावते, असे आपल्या आज्यापणज्या मानीत. उपदेशकाने ह्या भयास हसू नये. ह्याचे मूळ खऱ्या दुःखात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, विशेषतः आठवड्याच्या सुमारास, चांगले दूध पिणारे बालक एकाएकी चोखणे सोडी, त्याचा जबडा आवळे, अंग ताठ होई व ते मरे. हा धनुर्वात होता. मळक्या विळ्याने नाळ कापिल्यामुळे अथवा तीवर शेण-माती लाविल्यामुळे तो होई. आयांनी आपली मुले खरोखर त्या दिवसांत गमाविली होती; म्हणून त्या रात्री त्या भीत.

गरोदरपणी आईस टोचून घेतल्याने व नाळ स्वच्छ व कोरडी ठेविल्याने हा रोग टळतो. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालके ह्यांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ह्याचा अर्थ रोगाचे बीज मातीतून गेले असा नव्हे. टोचणी व स्वच्छता चालूच ठेविली पाहिजे. आणि नशिबाविषयी म्हणाल तर स्तोत्र १३९ वाचा. ज्याने बालकास आईच्या उदरात घडविले त्यास त्याचे सर्व दिवस आधीच ठाऊक आहेत. पाचव्या रात्री लिहावयास कोणी यावयाचे उरलेले नाही. त्या रात्री घर भीत असेल तर उपदेशकाने तेथे जाऊन बसावे, हे स्तोत्र वाचावे आणि बाळंतिणीस निजू द्यावे.

६. वडील भावंडांचे काय?

नवे बालक आले म्हणजे आधीच्या बालकाची जागा हलते. काल जे आईच्या कुशीत निजत होते ते आज आजीजवळ निजते. त्यावर मोठी माणसे थट्टा करितात, “आता तुला कोण विचारतो?” थट्टा करणारा हसून विसरतो, मूल विसरत नाही. मग ते बाळास चिमटा काढते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आणि त्यास मार बसतो.

मोशे जन्मला तेव्हा अहरोन तीन वर्षांचा होता, हे त्यांच्या वयांवरून कळते (निर्गम ७:७). त्या लहान मुलाने त्या भयंकर दिवसांत काय पाहिले ते शास्त्र सांगत नाही. मिर्यामेविषयी मात्र सांगते. ती दूर उभी राहून पेटाऱ्यावर नजर ठेविते व योग्य वेळी पुढे होऊन राजकन्येशी बोलते. तिला काम दिले होते, तिच्यावर विश्वास ठेविला होता. पुढे रानात ह्याच दोघांनी मोशेविरुद्ध कुरकुर केली (गणना १२), म्हणजे भावंडांचा हेवा देवाच्या सेवकांच्या घरीही असतो. परंतु त्याआधी देव मोशेस सांगतो की अहरोन तुला भेटावयास येत आहे, आणि तुला पाहून त्याच्या मनास आनंद होईल. लहान भावास पाहून मोठ्याच्या मनास आनंद व्हावा, ह्याची तयारी आईबापांनी पाळण्यापासून करावी.

ती अशी करावी. बाळ जन्मण्याआधीच वडील मुलांस सांगावे. बाळ आल्यावर त्यांस हात धुवावयास लावून, खाली बसवून, क्षणभर बाळ त्यांच्या मांडीवर द्यावे. बाळ निजले असता आईने मोठ्यास जवळ घ्यावे, बापाने त्यास शेतावर किंवा बाजारास बरोबर न्यावे. काम द्यावे, परंतु ओझे देऊ नये. मिर्यामेचे उदाहरण सांगून वडील मुलीस पाळणा हालविण्यासाठी शाळेतून काढणे हा त्या भागाचा विपर्यास होय. एका मुलाच्या स्वागताची किंमत दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाने भरू नये.

७. मंडळीने काय करावे?

मुलगा झाला तर पेढे व मुलगी झाली तर बर्फी, अशी रीत पुष्कळ गावांत आहे. कोठे कोठे मुलीच्या वेळी काहीच वाटीत नाहीत. मंडळीत दोघांस एकच मिठाई असावी. रविवारच्या उपासनेत दोघांचे जन्म सारख्याच शब्दांनी जाहीर करावे, उपकारस्तुतीचे अर्पण सारखेच घ्यावे. मंडळीतील बाया बाळंतिणीस भेटावयास जातील तेव्हा थोडाच वेळ बसाव्या, बाळास हात लावण्याआधी हात धुवावे, व रिकाम्या हाताने न जाता भाकर किंवा कालवण न्यावे. “पुढच्या खेपेस देव देईल,” असे कोणी म्हणू नये. देवाने ह्याच खेपेस दिले आहे. आपल्या मंडळ्यांत कोठे बालकाचा बाप्तिस्मा करितात, कोठे त्याचे समर्पण करून पुढे त्याच्या स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा देतात. रीत कोणतीही असो, त्या दिवशी मंडळी ह्या बालकाची जबाबदारी घेते. ते वचन पाळावे.

आता त्या घराचे सांगून पाठ आटोपतो. आम्ही आठव्या दिवशी पुन्हा तेथे गेलो. ह्या वेळी पेढे घेऊन गेलो. आम्ही आजीबाईंपुढे व बापापुढे कबूल केले की मागच्या खेपेस आमची चूक झाली, आम्ही उपकार न मानता परत गेलो. मग बाळंतिणीस विचारले, “बाई, नाव काय ठेवावयाचे?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की नाव तिने पोटात असतानाच ठरविले होते, पण कोणी विचारले नव्हते. त्या नावाचा अर्थ ‘देणगी’ असा होता. बापाने आजीबाईंकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले आणि म्हटले, “तेच राहू द्या.” त्याच्या तोंडचे एवढेच शब्द आम्ही ऐकले, परंतु जखऱ्याच्या पाटीवर तरी ह्याहून अधिक काय लिहिले होते? आजीबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मात्र निघताना आम्ही पाहिले की पेढ्याचा तुकडा मोडून त्या वडील नातीस देत होत्या. त्या मुलीने आम्हांस ह्या वेळी काही विचारले नाही.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. अलीशिबेचे शेजारी कशामुळे आनंदित झाले?
२. लेआने कोणत्या मुलांच्या नावांची कारणे सांगितली, आणि कोणाच्या नावाचे कारण दिलेले नाही?
३. जखऱ्याचे तोंड उघडले तेव्हा तो प्रथम काय बोलला? आपल्या घरी बाप प्रथम काय बोलतो?
४. पाचव्या रात्रीच्या भयाचे मूळ काय होते, व ते कशाने टळते?
५. आपल्या मंडळीत गेल्या वर्षी जन्मलेल्या मुलींपैकी किती जणींचे जन्म उपासनेत जाहीर झाले? मुलग्यांपैकी किती?

प्रार्थना : हे प्रभू, तू बालकांस जवळ घेतलेस व त्यांस आशीर्वाद दिलास. आमच्या घरी तू जे पाठविशील त्यास आनंदाने घेण्यास आम्हांस शिकीव. ज्या आया आज अश्रु गाळीत निजल्या आहेत त्यांच्याजवळ अस. ज्या मुलांस आपण नको आहो असे वाटते त्यांस तुझ्या मंडळीत जागा मिळो. आमेन.